लॅबिरिंथायटिस : एका वैद्यकीय शब्दाची उकल

सर्दी-पडशाला आठवडा उलटलेला असतो, तापही उतरलेला असतो. आणि एके दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना सारे घर गरगर फिरू लागते. उलट्या थांबत नाहीत, एका कानाने ऐकू येईनासे होते. घरातील मंडळी पित्त झाले म्हणून लिंबाचे सरबत देतात. कोणी अशक्तपणाला दोष देतो, तर कोणी कानात कोमट तेल सोडण्यास सुचवितो. डॉक्टर मात्र चिठ्ठीवर 'लॅबिरिंथायटिस' असे लिहितात आणि त्या अपरिचित नावानेच रुग्ण अधिक घाबरतो. वस्तुतः या शब्दाचा अर्थ समजला की रोगाचे स्वरूपही पुष्कळसे ध्यानात येते.

शब्दाची घडण

'लॅबिरिंथ' हा ग्रीक भाषेतून आलेला शब्द. क्रीट बेटाचा राजा मिनोस याने डेडॅलस या कुशल कारागिराकडून एक भूलभुलैया बांधवून घेतला होता, अशी ग्रीक पुराणकथा आहे. कवटीच्या कठीण हाडात दडलेल्या अंतर्कर्णाची रचना अशीच वळणावळणाची असल्याने शरीरशास्त्रज्ञांनी त्यास हेच नाव दिले. 'आयटिस' हा प्रत्यय दाहयुक्त सूज, म्हणजेच शोथ दर्शवितो. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस हे परिचित शब्द याच पद्धतीने बनले आहेत. तेव्हा लॅबिरिंथायटिस म्हणजे अंतर्कर्णशोथ होय.

एक अवयव, दोन कामे

अंतर्कर्णाचा एक भाग गोगलगाईच्या शंखासारखा असून तो ध्वनी ग्रहण करतो. दुसऱ्या भागात परस्परांशी जवळजवळ काटकोनात बसविलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळताच त्यांतील द्रव किंचित मागे रेंगाळतो, त्यामुळे केसांसारखे सूक्ष्म तंतू वाकतात आणि मेंदूला हालचालीची वर्दी मिळते. दोन्ही कानांकडून येणारी वर्दी जुळली की तोल राहतो. एका बाजूस सूज आली की हा मेळ बिघडतो. डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा मेंदूचा समज होतो आणि डोळ्यांची बुबुळे हिसक्यांनी हलू लागतात. श्रवण व तोल हे शेजारी असल्यानेच या विकारात चक्कर आणि बहिरेपणा एकदम येतात.

चक्कर कानातूनही येऊ शकते, हे ज्ञान फार जुने नाही. १८६१ साली पॅरिस येथे प्रॉस्पर मेनिएर या वैद्याने ते ठामपणे मांडले. पुढे व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी यांनी कानात थंड वा गरम पाणी सोडून अंतर्कर्णाची परीक्षा करण्याची पद्धत सिद्ध केली. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कारणे व उपचार

हा विकार बहुधा विषाणूंमुळे होतो. मात्र दीर्घकाळ वाहणाऱ्या कानातील जंतू आत शिरल्यास किंवा मेंदूज्वरात संसर्ग पसरल्यास तो गंभीर रूप धारण करतो आणि श्रवणशक्ती कायमची जाण्याचा धोका असतो. म्हणून कान फुटणे ही मुलांच्या बाबतीतही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे.

प्रत्येक चक्कर म्हणजे लॅबिरिंथायटिस नव्हे. कूस बदलताना क्षणभर येणारी घेरी, किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे येणारी अंधारी, यांची कारणे वेगळी असतात. ऐकण्यात काहीही बिघाड नसून केवळ तीव्र चक्कर असेल, तर अनेकदा तोलाच्या मज्जातंतूस सूज आलेली असते. ही पारख डॉक्टरांनीच करावयाची असते.

विषाणुजन्य विकारातील तीव्र चक्कर साधारणतः काही दिवसांत ओसरते. पूर्ण तोल सावरण्यास मात्र काही आठवडे लागतात. चक्कर दाबणारी औषधे थोडेच दिवस घ्यावयाची असतात. ती लांबविल्यास मेंदूला नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यास अडथळा येतो. त्यानंतर नजर स्थिर ठेवून मान वळविणे, आधाराने चालणे असे व्यायाम सांगितल्याप्रमाणे करावेत. जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके आणि प्रसंगी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते.

विलंब नको

एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उपचाराचा लाभ पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो. चक्कर येत असताना बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, हातापायातील शक्ती जाणे, उभेही राहता न येणे किंवा तीव्र डोकेदुखी ही लक्षणे दिसल्यास तो पक्षाघात असू शकतो. ताप येऊन मान ताठरल्यास मेंदूज्वराची शंका घ्यावी. अशा वेळी रुग्णास ताबडतोब रुग्णालयात हलवावे. कानात तेल, रस वा अन्य काहीही घालू नये. चक्कर असेपर्यंत वाहन चालविणे, विहिरीच्या काठावर वा शिडीवर चढून काम करणे टाळावे.

भूलभुलैयात वाट चुकलेल्यास वेळीच वाटाड्या भेटणे महत्त्वाचे असते. पित्त समजून घरी घालविलेले चार दिवस एखाद्याचा कान कायमचा बंद करू शकतात, एवढे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे.