कायद्यातील शब्दार्थ : ‘वन’ आणि ‘झुडपी जंगल’

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे आपणांस ठाऊक आहे. कायद्यात मात्र तो अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाही प्रश्न असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील एका शब्दाच्या आधारे तो समजून घेऊ.

विवेचन

पूर्व विदर्भाच्या महसुली नोंदींत ‘झुडपी जंगल’ हा जमिनीचा एक प्रकार आहे. तेथे मोठी झाडे विरळ, झुडपेच अधिक. या जमिनींवर गुरे चरत आली आणि कालांतराने काही ठिकाणी घरे व शाळाही उभ्या राहिल्या. मग हे ‘वन’ म्हणावे काय?

१९८० च्या वन संरक्षण अधिनियमात ‘वन’ या शब्दाची व्याख्या नव्हती. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या शब्दाचा कोशातील अर्थ घ्यावा; शासकीय नोंदीत वन म्हणून दाखविलेली जमीनही, मालकी कोणाचीही असो, त्यात येते.

विधिमंडळाला न्यायनिर्णय नुसता रद्दबातल घोषित करता येत नाही. परंतु निर्णय ज्या तरतुदीवर उभा आहे, ती तरतूद बदलता येते. संसदेने २०२३ मध्ये दुरुस्ती करून अधिनियमाचे क्षेत्र मुख्यतः अधिसूचित व नोंद झालेल्या वनांपुरते ठेवले. तिला आव्हान मिळाले. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने म्हटले, की वनक्षेत्रांची एकत्रित नोंद पूर्ण होईपर्यंत १९९६ चाच अर्थ पाळावा.

२२ मे २०२५ रोजी न्यायालयाने झुडपी जंगलही त्याच अर्थाने ‘वन’ ठरविले. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनयादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी, अशी वाट ठेवली. म्हणजेच शब्दाचा अर्थ आणि एक तारीख यांवर अनेकांच्या घराचे भवितव्य अवलंबून राहिले.

सारांश

संसद शब्दाची व्याप्ती बदलू शकते. पण तो बदल संविधानाच्या कसोटीवर न्यायालय तपासते. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो, तर अनुच्छेद १४४ नुसार सर्व प्राधिकाऱ्यांनी त्या न्यायालयास साहाय्य करावयाचे असते.

स्वयंअध्ययन

१. ‘वन’, ‘जंगल’ आणि ‘रान’ या शब्दांचे अर्थ मराठी शब्दकोशात पाहून त्यांतील भेद लिहा.
२. आपल्या गावच्या सातबाऱ्यातील एखादा शब्द निवडा. बोलीतील व नोंदीतील त्याचा अर्थ वेगळा असल्यास कोणाच्या हक्कावर काय परिणाम होईल, ते पाच वाक्यांत सांगा.