घोरपडीचा थोरला भाऊ आणि पंखांचा मासा

घोरपड आपणा सर्वांना माहीत आहे. तिच्याच कुळातला एक मोठा प्राणी इंडोनेशिया देशात आहे. त्याचे नाव कोमोडो. कोमोडो, रिंचा, फ्लोरेस अशा मोजक्या बेटांवरच तो राहतो. तो १० फुटांपर्यंत लांब वाढतो. हरिण, रानडुक्कर हे त्याचे खाणे. त्याच्या चाव्यात विष असते.

त्याच बेटांभोवती समुद्रात मांटा नावाचा मासा आहे. कोकणातले कोळी ज्याला पाकट म्हणतात, त्याच्या जातकुळीतला हा. पंख पसरले म्हणजे १० फुटांहूनही रुंद भरतो. पण स्वभावाने अगदी गरीब! तोंड उघडून पोहायचे आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खायचे, एवढेच त्याचे काम.

एक जमिनीवरचा, एक पाण्यातला. मग आम्ही दोघांचा धडा एकत्र का दिला? कारण दोघेही धोक्यात आहेत.

कोमोडोला जागा पुरेना. शेतीसाठी, वस्तीसाठी रान तुटते. हरणे माणसेच मारतात. मग त्याने खावे काय? समुद्राचे पाणीही वर चढते आहे. मांटाचे दुखणे वेगळे. त्याच्या कल्ल्यांना चीनमध्ये औषध म्हणून मोठी किंमत येऊ लागली. मग शिकार वाढली.

आता हिशेब पाहू. कोमोडोची मादी एका वेळी २० ते ३० अंडी घालते. पण पिल्ले फार दगावतात. मोठे कोमोडोच त्यांना खातात, म्हणून पिल्ले झाडावर राहतात. मांटाची मादी वर्षभर गाभण असते आणि पिल्लू होते एकच! पुढचे व्हायला दोन वर्षे किंवा जास्तच लागतात. जन्मापेक्षा मारणे जास्त झाले, की मुद्दलच संपते. मग व्याज कुठून यायचे?

इंडोनेशिया सरकारने १९८० साली कोमोडोसाठी राखीव उद्यान केले. २०१४ साली मांटा मारण्यास बंदी केली. पण बंदी आली की कोळ्याच्या चुलीचे काय? हाही प्रश्न खराच. कोमोडो बेटांकडे हे दोन्ही प्राणी पाहायला जगभरचे लोक येतात. त्यातून नाववाल्यांना, वाटाड्यांना रोजगार मिळतो. जिथे असा रोजगार नाही, तिथे कोळ्यांना दुसरा धंदा मिळवून दिला पाहिजे. नुसत्या बंदीने पोट भरत नाही.

आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने घोरपड मारणे गुन्हा आहे. शेतात घोरपड दिसली, तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या, बरं का!

प्रश्न : १. कोमोडोची पिल्ले झाडावर का राहतात?
२. मांटाची संख्या लवकर का वाढत नाही?