द्राक्षमद्याची पारख

खाण्याचीं व बेदाण्याचीं द्राक्षें सोलापूरचा बागाइतदार तोंडांत टाकतांच पारखतो. परंतु अकलूजकडे सान्जोवेसे, शिराझ अशा मद्याच्या जातीही लागल्या आहेत. त्यांचा कस पेल्यांतच कळतो.

मध्यम किमतीच्या, एकाच जातीच्या दोन बाटल्या घेऊन त्यांवरील नांवें कापडानें झांकावीं. सन १९७६ मध्यें पॅरिस येथें अशाच परीक्षेंत कॅलिफोर्नियाच्या मद्यांनीं नामांकित फ्रेंच मद्यांस मागें टाकिलें. तांबडें मद्य सोळा ते अठरा अंशांपर्यंत गार करावें. आपल्याकडील उष्म्यांत नुसता दारूचा उग्रपणाच पुढें येतो. प्रथम रंग, मग वास, नंतर लहान घोट. परीक्षकानें तो थुंकावा हें उत्तम.

आंबटपणाकडे विशेष लक्ष द्यावें. तो नसल्यास मद्य मिळमिळीत लागतें. उष्ण हवेंत घड वेलीवर फार राहिल्यास साखर वाढते, पण आम्ल घटतें. म्हणून केवळ साखर मोजून तोडणी ठरवूं नये. उलट, शिजविलेल्या फळासारखा वास बहुधा दुकानांत तापलेल्या बाटलीचा असतो. त्याचा दोष मळ्यास देऊं नये.

घोटानंतर चव रेंगाळते ती बाटली अधिक किमतीस पात्र. दोहोंत भेदच न कळल्यास स्वस्त घ्यावी.