मकुलेके लोकांची जमीन

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य टोकास लिम्पोपो व लुवुवू या नद्यांचा संगम होतो. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि मोझांबिक या तीन देशांच्या सीमा तेथेच एकमेकींस भिडतात. या दोन नद्यांच्या मधोमध सुमारे २४,००० हेक्टरांचा एक रानप्रदेश आहे. डोहांत पाणघोडे व सुसरी आहेत, रानात हत्तींचे कळप आहेत आणि उंचवट्यांवर गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष उभे आहेत. पाणथळ जागी हिरवट-पिवळ्या सालीच्या झाडांची बने दिसतात. या झाडास ‘तापाचे झाड’ असे नाव पडले आहे. जुन्या काळी गोरे प्रवासी त्याच्या सावलीत मुक्काम करीत आणि त्यांना हिवताप येई. दोष होता डासांचा. नाव मात्र चिकटले बिचाऱ्या झाडाला!

या भूमीत मकुलेके लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत असत. त्यांची भाषा त्सोंगा. नदीकाठच्या गाळात ज्वारी व मका पेरावा, डोहात मासे धरावेत, रानातील फळे गोळा करावीत, प्रसंगी शिकार करावी, असा त्यांचा जीवनक्रम होता.

१९२६ साली क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. मकुलेके लोकांची भूमी त्याच्या उत्तर सीमेस लागून होती, आणि ती उद्यानात यावी अशी अधिकाऱ्यांची फार दिवसांची इच्छा होती. त्या काळी देशात वर्णद्वेषी राजवट होती. काळ्या प्रजेला मताचा अधिकारच नव्हता. मग तिची संमती विचारणार कोण? १९६९ साली सुमारे ३,००० माणसांना तेथून हलविण्यात आले. बंदुकीच्या धाकाने त्यांना आपल्याच झोपड्यांना आपल्याच हातांनी आग लावावी लागली. उद्यानाबाहेर, दक्षिणेस न्त्लावेनी येथे त्यांची वस्ती करून देण्यात आली आणि त्यांची जमीन उद्यानास जोडली गेली. वन्य पशूंचे रक्षण हे कार्य चांगलेच. परंतु ज्यांच्या सान्निध्यात ते पशू इतकी वर्षे टिकून राहिले होते, तेच लोक रानाचे शत्रू ठरले.

१९९४ साली देशात सर्वांना मताधिकार मिळाला. हिरावून घेतलेल्या जमिनी मूळ मालकांस परत मिळाव्यात, असा कायदाही त्याच वर्षी झाला. मकुलेके लोकांनी १९९५ च्या अखेरीस आपला दावा दाखल केला. उद्यानाचे अधिकारी चिंतेत पडले. आज ही जमीन गेली, तर उद्या आणखी कोणी दावा सांगेल आणि उद्यानाचे तुकडे होतील, अशी त्यांना भीती वाटली. मकुलेके लोकांपुढील प्रश्नही सोपा नव्हता. वृद्धांचा जीव जुन्या गावात अडकला होता. पण न्त्लावेनीस जन्मलेली पिढी आता मोठी झाली होती. तिची घरे व शाळा तेथेच होत्या. पुन्हा नदीकाठी जाऊन शेते केली, तरी हत्ती पीक राहू देतील काय?

वाटाघाटी बराच काळ चालल्या. अखेर १९९८ साली करार झाला. जमिनीची मालकी मकुलेके लोकांस परत मिळाली. त्यांनी मात्र तेथे वस्ती, शेती वा खाणकाम न करता ती ५० वर्षे उद्यानातच ठेवण्याचे मान्य केले. कारभारासाठी दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींचे एक संयुक्त मंडळ नेमण्यात आले. प्रवाशांकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर मकुलेके लोकांचा हक्क ठरला.

करार झाला म्हणून मतभेद संपले असे नाही. पहिल्या काही वर्षांत मकुलेके लोकांनी पैसे घेऊन मोजक्या जनावरांची शिकार करू दिली. राष्ट्रीय उद्यानात शिकार, ही गोष्ट अनेकांस रुचली नाही. पुढे शिकार थांबली आणि प्रवाशांसाठी निवासस्थाने उभी राहिली. गावातील काही तरुणांना तेथे काम मिळाले. काही जण वनरक्षक झाले. सर्वांना पुरेल इतके काम मात्र अजूनही मिळालेले नाही. २००७ साली तेथील पाणथळ भूमीची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांत गणना झाली.

पूर्वजांच्या समाधिस्थानांना भेट देण्याचा हक्क मकुलेके लोकांनी राखून ठेवला आहे. ज्यांनी १९६९ साली स्वतःच्या झोपड्या पेटविल्या, ते आता वृद्ध झाले आहेत. गोरखचिंचेची झाडे जेथे होती तेथेच उभी आहेत.