मनाचा डॉक्टर आणि मुलांचं नाटक

आधीच सांगतो, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे. चुकलं तर संपादकांनी दुरुस्त करावं. 'डिप्रेशन' हा शब्द मला सातवीत माहीत होता, 'नैराश्य' बारावीनंतर कळला. मालवणात आमची आजी यातलं काहीच म्हणत नाही. ती फक्त विचारते, "काय झाला रे तुका?"

डॉ. मोहन आगाशे आपल्याला नट म्हणून माहीत आहेत. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस! पण मुळात ते मानसोपचारतज्ज्ञ. जन्म १९४७, भोरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवलं. १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्या माणसांच्या मनाचं काय झालं, या अभ्यासाचं कामही त्यांनी केलं. व्हायव्हात विचारतील तेवढं इथे संपलं.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. १९८० मध्ये 'घाशीराम' युरोपच्या दौऱ्यावर गेलं आणि डॉक्टरांचे जर्मनीशी संबंध जुळले. बर्लिनमध्ये 'ग्रिप्स' नावाचं मुलांचं थिएटर आहे. त्या पद्धतीची नाटकं १९८६ मध्ये त्यांनी पुण्यात मराठीत आणली. आपलं गॅदरिंगचं बालनाट्य आठवा. राजा, राक्षस, चेटकीण, शेवटी परी. ग्रिप्समध्ये यातलं कोणीच नाही. तिथे घर असतं, शाळा असते, मोठ्यांची दमदाटी असते आणि मुलांना पडलेले खरेखुरे प्रश्न असतात. मुलांची कामं मोठे नट करतात, पण नाटक पूर्णपणे मुलांच्या बाजूचं. पहिल्याच नाटकाचं नाव 'छान छोटे वाईट्ट मोठे'. यात सगळं आलं.

आता, डॉक्टरने नाटकाच्या मागे का लागावं? मला समजलं ते असं. लहान मूल 'मला चिंता वाटते' असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, पोट दुखतं. आणि ते नेमकं शाळेच्या वेळेला दुखतं. तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल, मग घरचे म्हणतात, नाटकं करतो! पण पोट खरंच दुखत असतं. प्रोग्रॅम अडकलाय, पण स्क्रीनवर एरर मेसेजच येत नाही, अशी ती अवस्था. स्टेजवर आपल्यासारखंच पोर दिसलं, की मुलाला त्या मेसेजचे शब्द सापडतात. मोठेपणीच्या मानसिक आजारांपैकी निम्मे अठराव्या वर्षाआधीच सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे हॉस्टेलला येताना आपल्यातले काहीजण ते बॅगेत घेऊनच येतात.

पुढे डॉक्टरांनी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' केला. निर्माते तेच, आणि त्यात कासवं जपणारे दत्ताभाऊही तेच. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. जीव द्यायला निघालेला एक मुलगा जानकी नावाच्या बाईला सापडतो. ती त्याला किनाऱ्यावरच्या घरी आणते आणि प्रश्नांचा भडिमार करत नाही. जेवायला देते, थांबते. आपल्या वायंगणी-तांबळडेगला कासवाची अंडी जपतात, तेही साधारण दीड-दोन महिने थांबूनच. उकरून बघत नाहीत.

माझा फर्स्ट इयरचा रूममेट (त्याला विचारून लिहितोय) तीन आठवडे खाटेवरून उठला नव्हता. लेक्चर नाही, मेस नाही. आम्ही त्याला कुंभकर्ण म्हणायचो आणि कानाशी बादली वाजवायचो. शेवटी त्याचे बाबा येऊन घेऊन गेले. तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं की १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरावर फुकट आणि मराठीत बोलता येतं, किंवा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असं ठरवलंय.

तो एक वर्ष मागे पडून परत आला. गेल्या महिन्यात आम्ही लॅपटॉपवर 'कासव' बघितला. मध्येच पॉज करून तो म्हणाला, "बादली तूच वाजवायचास ना?"

मी हो म्हटलं. मग आजीचा प्रश्न विचारला, दोन वर्षं उशिरा. त्याचं सांगून होईपर्यंत पहाटेचे तीन वाजले. पिक्चर अजून अर्धाच राहिलाय.