चित्रफीतकार आणि त्यांचे प्रेक्षक

हल्लीं शाळेंतील मुलास “तूं मोठेपणीं कोण होणार?” असें विचारलें असतां डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर ह्या जुन्या उत्तरांबरोबर “यूट्यूबर” हें एक नवें उत्तर ऐकूं येतें. तें ऐकून कांहीं पालक हंसतात, कांहीं रागावतात, तर कांहीं मोठ्या कौतुकानें शेजाऱ्यांस सांगतात. उद्योग नवा असल्यामुळें त्याविषयीं समाजाचें मत अद्यापि स्थिर झालेलें नाहीं. म्हणून हे लोक काय करतात, तसें कां वागतात, आणि आपण त्यांजकडे कोणत्या दृष्टीनें पाहतों, ह्याचा शांतपणें विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. ह्या लेखांत त्यांस आम्ही चित्रफीतकार म्हणूं.

प्रथम ह्या उद्योगाचा इतिहास थोडक्यांत पाहूं. २००५ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंत चॅड हर्ली, स्टीव्ह चेन व जावेद करीम ह्या तीन तरुणांनीं यूट्यूबचा पाया घातला. त्याच वर्षीं २३ एप्रिल रोजीं तेथें पहिली चित्रफीत चढविण्यांत आली. ती अवघी १९ सेकंदांची आहे. सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयांत हत्तींसमोर उभा राहून जावेद करीम त्यांच्या लांब सोंडांविषयीं दोन शब्द बोलतो, आणि चित्रफीत संपते. तींत ना वाद्य, ना रंगभूषा, ना वक्तृत्व. २००६ सालीं गूगल कंपनीनें १६५ कोटि डॉलर किमतीचे समभाग देऊन ही संस्था विकत घेतली, आणि २००७ सालीं जाहिरातींच्या उत्पन्नाचा वांटा चित्रफीतकारांस देण्याची पद्धति सुरू झाली. तेव्हांपासून छंदाचा धंदा झाला.

धंदा म्हटला कीं हिशेब आला. लांब चित्रफितींवर दाखविलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नांतून ५५ टक्के वांटा चित्रफीतकारास मिळतो. परंतु तो मिळूं लागण्यापूर्वीं त्याच्या चॅनेलास निदान १००० सबस्क्राइबर असावे लागतात आणि मागील बारा महिन्यांत त्याच्या चित्रफिती एकंदर ४००० तास पाहिल्या गेलेल्या असाव्या लागतात. हा नियम २०१८ पासूनचा आहे. छोट्या उभ्या चित्रफितींचे नियम निराळे आहेत. विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. पांच मिनिटांची चित्रफीत प्रत्येकानें शेवटपर्यंत पाहिली, तरी ४००० तास भरण्यास ती ४८,००० वेळां पाहिली गेली पाहिजे; प्रत्येकानें अर्ध्यावर सोडली तर ९६,००० वेळां. इतकें करून केवळ दार उघडतें. पोटापुरतें उत्पन्न हा त्यापुढचा प्रश्न आहे.

आतां ह्या हिशेबाचा वर्तनावर काय परिणाम होतो तें पाहूं. कोणत्याही लोकप्रिय चित्रफितीचे पहिले दहापंधरा सेकंद लक्षपूर्वक पाहावेत. चित्रफीतकार बहुधा मोठ्यानें बोलतो, भरभर बोलतो, आणि पुढें कांहीं विलक्षण घडणार आहे असें आश्वासन देतो. आवरणचित्रावर त्याचा चेहरा आश्चर्यानें आ वासलेला असतो. हा मनुष्य घरीं आईशीं बोलतांना असाच ओरडत असेल काय? बहुधा नसेल. परंतु प्रेक्षकाचें बोट सदैव पुढची चित्रफीत ओढण्याच्या तयारींत असतें, हें तो जाणून असतो.

ह्याविषयीं एक गोष्ट फार बोधप्रद आहे. २०१२ पूर्वीं चित्रफीत किती वेळां उघडली गेली ह्यास यूट्यूबवर अधिक महत्त्व असे. साहजिकच मथळा भडक द्यावा व आंत कांहींच नसावें, असे प्रकार माजले. २०१२ सालीं त्या संस्थेनें, प्रेक्षक किती वेळ पाहत राहिला ह्यास महत्त्व देण्याचें ठरविलें. मग चित्रफिती लांबूं लागल्या, आणि खरी गोष्ट “शेवटीं सांगतों” म्हणून मागें ठेवण्याची युक्ति वाढली. माणसें तींच होतीं. माप मात्र बदललें होतें. बाजारांत जसें माप तसा माल येतो, हा नियम येथेंही लागू आहे.

पूर्वीं गांवांत कीर्तनकार येई तेव्हां श्रोते त्याच्यासमोर बसलेले असत. कोणी पेंगूं लागलें तर त्यास दिसे. बोलण्यांत कांहीं अनुचित आलें तर दुसऱ्या दिवशीं पारावर एखादा वडीलधारा मनुष्य त्यास तें स्पष्ट सांगे. चित्रफीतकारासमोर असा श्रोता नाहीं. त्याच्यासमोर आंकडे आहेत. किती जणांनीं पाहिलें व कोणत्या क्षणीं किती जण सोडून गेले, हें सर्व त्यास कळतें. परंतु ते कंटाळून गेले, दुखावून गेले, कीं आईनें हांक मारली म्हणून गेले, हें आंकडा सांगत नाहीं. अशा श्रोत्याच्या सहवासांत वर्षानुवर्षें राहणाऱ्याच्या वागण्यांत कृत्रिमता शिरली तर नवल नाहीं.

येथवर चित्रफीतकारांच्या वर्तनाचा विचार झाला. आतां आपण त्यांजविषयीं जे समज करून घेतों, त्यांपैकीं तीन तपासूं.

पहिला समज मैत्रीचा. चित्रफीतकार “मित्रांनो” म्हणून आपल्या डोळ्यांत पाहून बोलतो. त्यामुळें तो आपणांस ओळखतो असा भास होतो. हा भास यूट्यूबच्या पुष्कळ आधींचा आहे. १९५६ सालीं डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल ह्या अमेरिकन विद्वानांनीं दूरचित्रवाणीवरील निवेदकांविषयीं एक निबंध लिहून ह्या नात्याचें वर्णन केलें. प्रेक्षकास समोरासमोर गप्पा होत आहेत असें वाटतें, परंतु नातें एकाच बाजूनें असतें. ही दुरून वाटणारी जवळीक होय, असा त्यांचा आशय होता. आपणांस त्या दादाच्या मांजराचें नांव ठाऊक असतें; त्यास आपलें नांव ठाऊक नसतें. अशा नात्यांत दोष नाहीं, परंतु त्याचा उपयोग माल विकण्याकडे होतो तेव्हां सावध असावें. भारतांतील जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२३ सालीं, मोबदला घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून स्पष्ट दाखवावी असें सांगितलें आहे. मित्राची शिफारस आणि जाहिरात ह्यांतील भेद मुलांस कळावा, हाच त्यांतील हेतु होय.

दुसरा समज असा कीं, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील सारोळा कासार येथील सुमन धामणे ह्या आजींचें उदाहरण घ्या. २०२० सालीं, त्या जिल्ह्याचें नांव अहमदनगर होतें तेव्हां, सत्तरीच्या ह्या आजींनीं नातवाच्या साह्यानें “आपली आजी” ह्या नांवाचें चॅनेल सुरू केलें. आजींनीं रांधावें व नातवानें चित्रण करावें, असा तो संसार. आयुष्यभर चुलीपुढें मिळविलेलें ज्ञान त्यांनीं साध्या गांवच्या बोलींत सांगितलें, आणि लाखों लोकांनीं तें आवडीनें ऐकलें. येथें आरडाओरडा नाहीं, आ वासलेला चेहरा नाहीं. परंतु पदार्थ एकदां शिजतो तेवढ्यांत सर्व बाजूंनीं चित्रण करणें, आवाज स्वच्छ घेणें, नको तें कापून टाकणें, हे श्रम पाहणारास दिसत नाहींत. ज्यास हा उद्योग करावयाचा आहे त्याच्यापाशीं सांगण्याजोगें कांहीं ज्ञान आधीं असावें लागतें, हा धडा आजींकडून घ्यावा.

तिसरा समज असा कीं, ज्याचे प्रेक्षक पुष्कळ त्याचें म्हणणें खरें. आंकडा लोकांचें लक्ष मोजतो; सत्य मोजीत नाहीं. पोटदुखीवर औषध सांगणाऱ्या चित्रफितीस दहा लाख प्रेक्षक मिळाले म्हणून पोट बरें होत नाहीं. सांगणाऱ्यास त्या विषयाचें शिक्षण वा अनुभव आहे काय, हें पाहिल्यावांचून विश्वास ठेवूं नये.

एकाच कृतीकडे लोक किती निरनिराळ्या दृष्टींनीं पाहतात ह्याचें एक ठळक उदाहरण येथें देतों. मिस्टरबीस्ट ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला अमेरिकन तरुण जिमी डोनाल्डसन ह्यानें २०२३ च्या जानेवारींत एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तींत १००० लोकांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा खर्च त्यानें उचलल्याचें दाखविलें होतें. कित्येकांनीं त्याचे आभार मानले. कित्येक म्हणाले, हें दान नव्हे, गरजवंतांच्या डोळ्यांतील अश्रूंचा खेळ मांडणें होय. आणखी कांहींचें म्हणणें असें कीं, इतका साधा उपचार लोकांस एखाद्या चित्रफीतकाराच्या कृपेनें मिळावा, हीच खेदाची गोष्ट आहे.

आमच्या मतें येथें तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत; ते निरनिराळे केले पाहिजेत. रोग्यांस दृष्टि मिळाली काय? मिळाली, आणि ज्यास मिळाली त्याच्या दृष्टीनें हें लहान नव्हे. त्यांचा मान राखला गेला काय? ह्याचा विचार प्रत्येक दृश्य पाहून करावा लागेल. देणाराच्या मनांत दया होती कीं कीर्तीची हांव? हें मात्र कॅमेऱ्यास दिसत नाहीं, आणि आपणांसही नाहीं. कृतीची परीक्षा आपण करावी. मनाची परीक्षा करण्याचा आव आणूं नये.

प्रेक्षकांच्या हातीं असलेल्या शक्तीची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. अचाट कृत्यें अधिक पाहिलीं जातात, म्हणून तरुण मंडळी रेल्वेच्या रुळांवर, कड्यांच्या टोंकांवर, धबधब्यांच्या कांठीं चित्रण करतात. २०२४ च्या जुलैंत रायगड जिल्ह्यांतील माणगांवजवळच्या कुंभे धबधब्यापाशीं चित्रण करीत असतां एक तरुणी दरींत पडून मरण पावली. अशी वार्ता आली कीं “हौस नडली” असें म्हणून लोक मोकळे होतात. परंतु कड्याच्या टोंकावरील चित्रास सुरक्षित जागेवरील चित्रापेक्षां अधिक पसंती कोणी दिली? ती तुम्हीं आम्हींच दिली. पाहणें ही देखील एक कृति आहे, आणि तिचें फळ कोणास तरी भोगावें लागतें, हेंच ह्या लेखांत आम्हांस मुख्यतः सांगावयाचें आहे.

निष्ठुर अभिप्रायांचेंही तसेंच आहे. समोर आलेल्या माणसास जें आपण कधीं बोलणार नाहीं, तें नांव लपवून लिहितांना बोटें अडखळत नाहींत. संघटितपणें नापसंती दर्शवून लहान चित्रफीतकारांस छळण्याचे प्रकार होऊं लागले, म्हणून २०२१ च्या नोव्हेंबरांत यूट्यूबनें नापसंतीचा आंकडा लोकांच्या नजरेआड केला. चित्र पुसून टाकतां येतें. चित्रांतील माणसाच्या मनावरचा घाव तितक्या सहज पुसत नाहीं.

आतां दोन शब्द पालकांस. कित्येक चॅनेलें लहान मुलांच्या खेळण्यारडण्यावर चालतात. मूल हंसतें, लोक पाहतात, पैसा येतो. परंतु त्या मुलास कोणी विचारलेलें नसतें. फ्रान्सनें २०२० सालीं कायदा करून १६ वर्षांखालील अशा मुलांच्या कमाईचा भाग त्यांच्यासाठीं राखून ठेवण्याची, आणि मुलानें मागणी केल्यास त्याच्या चित्रफिती काढून टाकण्याची तरतूद केली. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत २०२४ च्या १ जुलैपासून मुलांस कमाईचा वांटा देणारा कायदा अमलांत आला. आपल्या घरीं कायदा येण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मुलाचें रडणें, त्याची फजिती, त्याच्या गुणपत्रिकेवरील बोलणीं, हीं जगास दाखविण्यापूर्वीं तेंच मूल वीस वर्षांचें होऊन आपल्यासमोर उभें आहे अशी कल्पना करावी, आणि त्यास काय वाटेल हें स्वतःस विचारावें.

ज्या विद्यार्थ्यांस हा उद्योग खरोखरच करावयाचा आहे, त्यांस आम्ही निरुत्साह करूं इच्छीत नाहीं. गणित समजावून देणारे, शेतीची माहिती देणारे, आडगांवचें कारागिराचें कसब जगापुढें आणणारे चित्रफीतकार समाजाचे शिक्षकच होत. मात्र आधीं कांहीं शिकावें, मग दाखवावें. आणि आंकडा घटला म्हणून आपली किंमत घटली असें मानूं नये.

शेवटीं अभ्यासासाठीं पांच प्रश्न देतों. तुमच्या आवडीची एक चित्रफीत घरच्या वडीलधाऱ्यांसह पाहून त्यांचीं उत्तरें वहींत लिहा.

१. ह्या चित्रफितींत कांहीं विकलें जात आहे काय? असल्यास तसें स्पष्ट सांगितलें आहे काय?
२. सांगणाऱ्यास त्या विषयाचें ज्ञान आहे, हें कशावरून कळतें?
३. कोणतें दृश्य केवळ तुम्हांस धरून ठेवण्यासाठीं घातलें आहे?
४. चित्रांत दिसणाऱ्या इतर माणसांची संमति घेतली असेल काय? त्यांचा मान राखला आहे काय?
५. अशाच आणखी चित्रफिती निघाव्यात असें तुम्हांस वाटतें काय? वाटत नसल्यास ती तुम्हीं शेवटपर्यंत कां पाहिली?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर लिहावयास सर्वांत अधिक वेळ लागेल. तें उत्तर पालकांनींही स्वतःपुरतें लिहून काढावें, आणि मुलांस वाचून दाखवावें.