तंजावरची छत्रे : वाटसरूंसाठी बांधलेले वाडे

इंग्लंडमधील जमीनदारांचे कित्येक जुने वाडे पुढे प्रवाशांची निवासस्थाने झाली. कावेरीच्या खोऱ्यात मात्र राजवाड्याच्या तोलाच्या काही वास्तू मुळातच वाटसरूंसाठी उभारलेल्या आढळतात. त्यांना ‘छत्र’ म्हणत. मराठीतील ‘अन्नछत्र’ हा शब्द त्याच कुळातील होय.

कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. रामाने पापक्षालनार्थ येथे १०८ लिंगे स्थापिली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गावातील नायककालीन विटांचे भव्य धान्यकोठार या भूमीची सुपीकता आजही सांगते. याच भातशेतीच्या बळावर तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली व त्यांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या. अनेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिलेली आहेत. पापनाशमच्या दक्षिणेस नीडामंगलम येथील छत्र यमुनांबेच्या नावाचे आहे.

१७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजी राजांच्या हाती तंजावरचा किल्ला तेवढा उरला. आता छत्रांच्या जमिनीही जाणार, ही चिंता त्यांना लागली. १८०१ मध्ये त्यांनी कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहून छत्रांचे कार्य विस्ताराने कळविले. तेथे जातिधर्म न पाहता आल्यागेल्यास अन्न मिळे. मुलांना दूध, आजाऱ्यांना औषधपाणी, गरोदर स्त्रियांना शुश्रूषा मिळे. वाटेतच कोणी मरण पावल्यास त्याच्या धर्मानुसार अंत्यविधी होई. राज्य गेलेल्या राजाने मागितले ते एवढेच, की हा धर्म मोडू नये.

छत्रांची व्यवस्था राजांकडे राहिली. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने त्यांनी भव्य छत्र बांधले. त्याच्या जोत्यावर दगडी चाके, घोडे व हत्ती कोरलेले असून सारी वास्तू रथासारखी भासते. तेथे अन्नदानाबरोबर विद्यादानही चाले.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले व संस्थान खालसा झाले. आगगाडी आल्यावर पायी यात्राही ओसरली. ओरत्तनाडूच्या वास्तूत पुढे विद्यार्थ्यांची सोय झाली. भाडे देणाऱ्या प्रवाशाच्या आश्रयाने इंग्लंडमधील वाडे तगले. येथे मात्र प्रवाशाकडून काही घ्यावयाचेच नव्हते. म्हणूनच छत्र पाहताना नजर केवळ दगडी रथावर खिळू देऊ नये. दारी आलेल्यास उपाशी न पाठविण्याचा नेम हाच त्या वास्तूचा खरा पाया होता.